सावलीची घाई

यंदाच्या अंकासाठी संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी माझ्याकडे 'वृक्षारोपण : काळाची गरज' या विषयावर लेख मागितला. या विषयावर मी याच वार्षिकांकात पूर्वी दोन वेळा लिहिले आहे. जुने अंक काढून पाहिले तेव्हा ध्यानात आले की दोन्ही लेख जवळजवळ एकच आहेत. दोहोंत प्राणवायू आहे, दोहोंत ऋषिमुनी आहेत आणि दोहोंच्या शेवटी 'चला तर मग' आहे. तिसऱ्यांदा तेच लिहिण्याचे धैर्य मला होईना. या वर्षी मी सेवानिवृत्त होत आहे. तेव्हा एका झाडाविषयी आणि त्या झाडाबद्दल मी एकदा लिहिलेल्या एका खोट्या वाक्याविषयी लिहितो. संपादकांनी विषयांतराबद्दल क्षमा करावी.

झाड विलायती शिरिषाचे. पुस्तकात त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात; खेड्यापाड्यांत मात्र लहानथोर सगळे 'रेन ट्री' म्हणूनच ओळखतात. हे मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हम्बोल्टचे नाव परिचित असते. हा थोर प्रवासी १८०० साली व्हेनेझुएलात असताना त्याने याच जातीच्या एका झाडाच्या पसाऱ्याचा घेर ५७६ फूट नोंदवला आहे; आणि खोड म्हणाल तर अवघे ६० फूट उंच. उंचीपेक्षा रुंदीकडे ओढा असलेले, मांडवासारखे पसरणारे असे हे झाड आहे. संध्याकाळ झाली किंवा आभाळ दाटून आले की त्याची पाने मिटतात. मग पाऊस अडत नाही, सरळ खाली उतरतो आणि झाडाखालचे गवत हिरवे राहते. त्याच्या नावाची एक उपपत्ती हीच सांगतात. पाणी मिळाले तर ते वर्षाला तीन-चार फूट सहज वाढते आणि पाच-सहा वर्षांत त्याच्याखाली बाज टाकून माणूस झोपू शकतो. गुलमोहरही झपाट्याने वाढतो. पण आपल्याकडे तो उन्हाळा लागताच उघडाबोडका होतो आणि सावली हवी तेव्हा नुसते फुलांचे कौतुक करायला लावतो. रेन ट्रीची पानगळ थोडक्यात आटोपते आणि वैशाखात तो पुन्हा भरलेला असतो. त्यामुळे ज्याला घाई आहे त्याला हे झाड आवडते. १९९८ साली आम्हाला घाई होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आजच्या विद्यार्थ्यांनी आईवडिलांकडून ऐकला असेल. किल्लारी लातूर जिल्ह्यातली म्हणून नाव तिचे झाले. पण सास्तूर आणि भोवतालची आपल्या जिल्ह्यातील गावेही त्याच पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढच्या काही वर्षांत नव्या जागी नवी गावे उभी राहिली. जुन्या गावात अरुंद बोळ होते, एका घराच्या भिंतीची सावली दुसऱ्याच्या दारात पडे, पारावर लिंब होता, वेशीत वड होता. नव्या गावात रुंद, सरळ आखलेले रस्ते आणि एकमेकांपासून अंतर राखून बांधलेली घरे. भिंतींची धास्ती घेतलेल्या माणसांना मोकळी जागा हवी होती आणि ती मिळाली; पण तिच्याबरोबर ऊनही मिळाले. लिंब आणि वड जुन्या गावठाणात राहिले. दुपारच्या वेळी म्हातारी माणसे तिकडे चालत जात आणि पडक्या घरांच्या शेजारी, त्या झाडांखाली बसून परत येत. हे दृश्य मी पाहिलेले आहे.

जुलै १९९८ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे चाळीस विद्यार्थी घेऊन मी अशाच एका पुनर्वसित गावात गेलो. ते गाव तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज लोहारा तालुक्यात आहे. रोपवाटिकेत आमच्या वाट्याला जे आले ते रेन ट्री होते. एका दिवसात आम्ही साठ खड्डे खणले आणि साठ रोपे लावली. तुकोबांचा तो सर्वांना पाठ असलेला अभंग झाला, सरपंचांचे भाषण झाले, चहा झाला. एका वयस्क गृहस्थांनी हळूच विचारले, "सर, लिंब न्हाई का मिळाला?" मी म्हणालो, "काका, लिंबाला वेळ लागतो. हे झाड पाच वर्षांत सावली देतं बघा." ते काही बोलले नाहीत.

मार्च १९९९ मध्ये वर्षाचा अहवाल द्यायचा होता. त्यात मी लिहिले : 'लावलेली सर्व साठ रोपे सुस्थितीत असून त्यांची जोमाने वाढ होत आहे.' जुलैनंतर मी त्या गावाकडे फिरकलोही नव्हतो. असे वाक्य लिहिताना माणसाला आपण खोटे बोलत आहोत असे वाटत नाही, ही त्यातली खरी गंमत आहे. तो अहवालाचा रिवाज असतो.

दोन महिन्यांनी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला त्याच गावी जाण्याचा योग आला. मांडवातून उठून मी रस्त्याने रोपे मोजत निघालो. अकरा भरली. उरलेल्या एकोणपन्नास जागी काही ठिकाणी वाळलेली काडी होती, काही ठिकाणी नुसता खळगा. एक काडी उपटून पाहिली तर मुळांवर रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती. आमच्या कोणा स्वयंसेवकाने पिशवी न फाडताच रोप पुरले होते आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

ती अकरा का जगली, हे मात्र पाहण्यासारखे होते. अकराच्या अकरा घरांच्या दारात होती. तिथल्या बाया भांडी घासल्यावर पाणी तिकडेच लोटत होत्या. त्यांपैकी एका घरच्या मावशींनी रोपाभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या आणि बुडाशी भुसकट पसरले होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी त्यांचे कौतुक करू लागलो तर त्या म्हणाल्या, "पानी कुठं तरी टाकायचंच असतंय की."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जंगलाखालची जमीन एक टक्काही भरत नाही. येडशीच्या रामलिंग घाटातले अभयारण्य पाहून आपण भुलतो एवढेच. रेन ट्री मोठा झाला की आपल्या मुरमाड जमिनीतही मुळे खोल घालून तग धरतो. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यातही यातली झाडे वाळली नाहीत. पण पहिले तीन उन्हाळे त्याला हात लागतो. हिशेब करून पाहू. एका रोपाला दर चौथ्या दिवशी दोन घागरी, म्हणजे साधारण पंचवीस लिटर पाणी धरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगापर्यंत तीस वेळा पाणी द्यावे लागेल. साडेसातशे लिटर झाले. साठ रोपांचे पंचेचाळीस हजार लिटर, म्हणजे चार टँकर. तीन उन्हाळ्यांचे बारा. ज्या गावात प्यायला टँकर येतो तिथे झाडांसाठी बारा टँकर मागायला मी कोणत्या तोंडाने जाणार होतो? मोरीचे पाणी मात्र कोणाच्या तोंडचे काढून घ्यावे लागत नाही.

आता आपल्या महाविद्यालयाच्या वर्षाकडे पाहा. वृक्षारोपण जुलैत, शिबिर हिवाळ्यात, अहवाल मार्चमध्ये. एप्रिल परीक्षेत जातो. मे महिन्यात महाविद्यालयाला सुट्टी असते. वसतिगृह रिकामे, शिपाई रजेवर, मी पुण्याला मुलीकडे. झाडाला पाणी लागते ते नेमके तेव्हा. विद्यार्थ्यांत सेवाभाव नाही अशी तक्रार करणारे माझे सहकारी आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. मुलांनी खड्डे उत्तम खणले होते. दोष वेळापत्रकाचा आहे आणि ते वेळापत्रक मान्य करणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे. हाच दोष राज्याच्या पातळीवर किती मोठा होत असेल याची कल्पना करावी. २०१६ पासून महाराष्ट्रात दर जुलैला कोटींच्या संख्येने रोपे लावण्याचे संकल्प सुटले. २०१९ साली तर तेहतीस कोटींचा होता. आकडा जुलैत जाहीर होतो. मे महिन्यातला आकडा विचारण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही.

शेळीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले तरी उस्मानाबादी शेळीचे नाव बदललेले नाही आणि तिची भूकही. रेन ट्रीचे कोवळे रोप ती एका घासात संपवते. पुढे तेच झाड वाढले की उन्हाळ्यात त्याच्या काळ्या-तपकिरी, चिकट, गोड शेंगांचा सडा पडतो आणि चारा संपलेल्या दिवसांत हीच शेळी त्यावर जगते. शेळी म्हणजे झाडाचा शत्रू असे आपण भाषणात म्हणतो. काटेरी कुंपण तीन वर्षे टिकवले की पुढे ती त्या झाडाची गिऱ्हाईक होते. त्या गावातल्या बायकांना हे मला सांगावे लागले नाही. उलट शेंगा पोत्यात भरून ठेवतात हे मीच त्यांच्याकडून शिकलो.

अकरांपैकी सात झाडे आज उभी आहेत. मोठी झाली आहेत. रस्त्याच्या एका कडेची दुसऱ्या कडेला टेकली आहेत. जुन्या गावठाणाकडे दुपारी कोणी जात नाही. मी दोन-तीन वर्षांनी एखादी चक्कर टाकीत असे आणि खरे सांगायचे तर आपणच सावली दिली अशा थाटात त्या झाडांखाली चहा पीत असे.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, वळवाच्या पावसात, त्यातल्या एका झाडाची भली मोठी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर कोसळली. दावणीची शेळी जागीच मेली. घरातला आठ-नऊ वर्षांचा नातू घटकाभर आधी तिथे बसून अभ्यास करीत होता. आईने हाक मारली म्हणून तो उठून गेला होता. ग्रामसभेत मागणी झाली की सातही झाडे काढून टाकावीत. कोणी म्हणाले, झाड विलायती, त्याचा भरवसा काय. आणि त्या मावशी, ज्यांनी पहिले बाभळीचे कुंपण केले होते, त्यांनी मला निरोप पाठवला : सरांनी लावलं होतं, सरांनीच येऊन सांगावं.

मी गेलो. मोडलेली फांदी तिथेच पडलेली होती. जमिनीपासून पाच फुटांवर त्या झाडाची दोन जाड खोडे झाली होती, बेचक्यासारखी, आणि त्या बेचक्यात साल आत दुमडून फट राहिली होती. एका बाजूच्या फांद्या विजेच्या तारांसाठी दरवर्षी छाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या बाजूला. झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचे लाकूड ठिसूळ असते. असा एकांगी भार पावसाच्या पाण्याने जड झाला की ते सोसत नाही. हे झाड चार-पाच वर्षांचे असताना दोन खोडांपैकी एक कापून टाकले असते, खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या थोड्या काढून खोड दहा फुटांपर्यंत मोकळे केले असते, तर हा प्रसंग बहुधा आला नसता. ते काम कुऱ्हाडीचे नव्हे, करवतीचे. आधी फांदीला खालून चीर द्यायची, मग वरून कापायचे, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. पावसाळ्यापूर्वी, पानगळीच्या सुमारास करायचे. एका झाडाला वर्षातून अर्धा तास. आम्ही रोप दिले, पण हे सांगायला कधी गेलोच नाही, आणि ज्यांना सांगायला हवे होते त्या माणसांनी मात्र त्यांच्या वाट्याचे सगळे काम चोख केले होते.

झाड परदेशी म्हणून दगाबाज, हे मला पटत नाही. चिंचेइतके घरचे झाड आपल्याला दुसरे नाही आणि तीही मूळची आफ्रिकेची. मुंबईत दहा-बारा वर्षांपूर्वी रस्त्याकडेचे रेन ट्री मोठ्या संख्येने वाळले. पिठ्या ढेकूण किडीने त्यांना गाठले होते आणि बुंध्याशी सिमेंट इतके घट्ट ओतले होते की मुळांना पाणी मिळणे मुश्किल. झाडाचा दोष शोधताना आपण त्याला कसे ठेवले होते हेही पाहिले पाहिजे. तरीही रेन ट्रीची बाजू घेताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लवकर सावली देणारे झाड लवकर म्हातारेही होते, आणि घराला खेटून लावायचे ते झाडच नव्हे. भिंतीपासून तीस फूट तरी दूर हवे. आम्ही दहा फुटांवर लावले होते. त्या वेळी ते रोप वीतभर होते. त्याच्या शेजारी भिंत आहे हे मला दिसत होते, पण पंचवीस वर्षांनंतरचे झाड दिसत नव्हते.

माझे मत मी गावात स्पष्ट सांगितले. बेचक्याचे झाड काढावे लागेल, कारण राहिलेला भागही धोक्याचा आहे. ते ऐकून मावशींचा चेहरा उतरला, ते झाड त्यांच्याच दारातले होते. बाकीची सहा काढू नयेत. माहीतगार माणूस आणून त्यांचा भार कमी करावा आणि दर दोन वर्षांनी पाहावा. आणि याच पावसाळ्यात, प्रत्येक झाडापासून पंचवीस-तीस फुटांवर, घरे आणि तारा सोडून, एकेक लिंब लावावा. खरे म्हणजे तो २००३ सालीच लावायला हवा होता. रेन ट्रीची सावली धरली त्याच वर्षी तिच्या आडोशाने लिंब वाढायला घातला असता, तर आज सातही झाडे काढली तरी गावाला जुन्या गावठाणाची वाट धरावी लागली नसती. झपाट्याने वाढणारे झाड लावण्यात चूक नाही. उन्हात बसलेल्या माणसाला वीस वर्षे थांब म्हणणे निर्दयपणाचे आहे. पण ते झाड मुदतीचे आहे हे पहिल्या दिवशी कोणी तरी सांगायला हवे होते. १९९८ साली लिंब मागणारे ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे राहिले.

माझ्या सहकाऱ्यांना हा लेख आवडणार नाही, कारण माझी पुढची मागणी महाविद्यालयाकडे आहे. या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा दोनशे रोपांचा संकल्प आहे. तो वीसवर आणावा. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, गाळाची माती आणि शेणखत भरून दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे, पिशवी फाडून. प्रत्येक रोप अशा जागी असावे जिथे कोणाचे तरी वापरलेले पाणी रोज सांडते : चहाची टपरी, वसतिगृहाची मोरी, एखादे घर. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत खड्डा खणण्याचे तास धरतात तसे मे महिन्यात पाणी घालण्याचे तासही धरावेत. आणि अहवाल तिसऱ्या वर्षीच्या ३१ मे रोजी, झाडाशेजारी उभे राहून लिहावा. वीस झाडांचा अहवाल दोनशेच्या पुढे फिका दिसेल हे मला कळते. साठाच्या अहवालावर मला मात्र शाबासकी मिळाली होती, तेव्हा फिकटपणाची धास्ती आता मला उरलेली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये द्वितीय वर्षाचे नऊ विद्यार्थी आणि मी त्या गावात सहा लिंब लावून आलो. सातवा मावशींच्या दारापासून जरा दूर, त्यांनी स्वतः दाखवलेल्या जागी. खड्डा भरताना एक नवीनच अडचण निघाली. पूर्वी भांड्यांचे पाणी अंगणातून वाहत होते. आता घरात नळ आहे, मोरी आहे आणि तिचे पाणी पाइपातून थेट बंद गटारीत जाते. मावशींची सून म्हणाली, "सर, मग लिंबाला पानी कुठलं? पाइप तोडून हिकडं वळवावा का?" मी मावशींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तोड की." सुनेने तिथल्या तिथे पाइप काढला आणि पाणी लिंबाकडे वळवले. इतर सहा घरांत काय झाले ते मला पाहायचे आहे.

येत्या मे महिन्यात, १५ तारखेच्या सुमारास, मी मोजणीला जाणार आहे. तोवर मी या महाविद्यालयात नसेन, पण सुट्टी सगळ्यांनाच असते. ज्यांना यायचे असेल त्यांनी भूगोल विभागात नाव द्यावे. एस.टी.चे भाडे ज्याचे त्याने काढायचे आहे आणि सोबत एक करवत लागेल.